ट्रॉलीच्या जॅकपासून ओटी टेबलापर्यंत : माझा अनुभव

मी मेकॅनिकल डिझायनर, सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत. दहा वर्षं ट्रॅक्टर ट्रॉलीचे टिपिंग जॅक, हायड्रॉलिक प्रेस असलीच कामं केली. २०२१ मध्ये मालक म्हणाले ओटीतलं, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधलं, टेबल बनवायचं, शेजारी मिरजेत एवढी हॉस्पिटलं आहेत, गिऱ्हाईक दारातच आहे आणि हायड्रॉलिक तर आपल्याला येतंच. मलाही तेव्हा तसंच वाटलं, कॉलम म्हणजे मधला खांब वरखाली होणार, टॉप चारी बाजूला कलणार, पाच-सहा सिलिंडर, त्यांना दाबाने तेल पुरवणारा एक पॉवरपॅक, झालं. त्यात माझी दोन वर्षं गेली. या लाइनीत कुणी नवीन येणार असेल तर त्याला उपयोग व्हावा म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

ओळखीचे एक सर्जन आहेत, त्यांना ड्रॉइंग दाखवायला गेलो तर त्यांनी कागद उघडलाच नाही. म्हणाले, आधी दहा-बारा ऑपरेशनं कोपऱ्यात उभं राहून बघ, मग ये. परवानगी पण त्यांनीच काढून दिली. मी अकरा बघितली. सर्जनकडे बघायचं नाही, मामांकडे म्हणजे वॉर्डबॉयकडे बघायचं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. टेबल खरं वापरतात ते ओटीतले मामा आणि सिस्टर. पेशंटला भूल चढली की मामा आधी कोपराखाली घडी केलेली चादर सारायचे, मग गुडघ्याखाली, मग टाचेखाली. मी विचारलं, मामा हे कशाला? तर म्हणाले, "तो बोलंल का आता, रुततंय म्हणून?"

खरंच आहे की. आपण झोपेत सुद्धा कूस बदलतो, भूल दिलेला माणूस तीन तास तसाच पडून राहतो. कोपर कुठे आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात ना, ती नस तिथे अगदी कातडीखाली असते, टेबलाच्या कडेवर ती तासभर दाबली गेली तर माणूस उठल्यावर दोन बोटं बधिर, कधी महिनोन्महिने. गुडघ्याच्या जरा खाली बाहेरच्या अंगाला दुसरी नस, ती लिथोटॉमीत (पेशंट पाठीवर, पाय वर उचलून फाकवून होल्डरवर ठेवलेले) पायाच्या होल्डरवर दाबली गेली की पाऊल वर उचलता येत नाही. हात आर्म बोर्डवर ९० अंशापेक्षा जास्त फाकवला तर खांद्यातल्या नसा ताणल्या जातात. हे मला भूलतज्ज्ञ मॅडमनी एकेक करून माझाच हात धरून दाखवलं. त्या दिवशी घरी येऊन आधीचं सगळं ड्रॉइंग बाजूला ठेवलं.

मग एक केलं, वर्कशॉपमध्ये जुन्या टेबलाचा सांगाडा आणून त्यावर स्वतः दोन तास न हलता पडलो, एक पोरगं घड्याळ घेऊन शेजारी. वीस मिनिटांत टाच, पाऊण तासात माकडहाड, आणि टॉपच्या दोन सेक्शनच्या, म्हणजे वेगवेगळ्या हलणाऱ्या तुकड्यांच्या, मधली जी फट असते तिथे मॅट्रेस खचते तो जोड मांडीला असा लागायला लागला की त्याशिवाय दुसरं काही सुचेना. मॅट्रेस आम्ही तोवर "विकत घ्यायची वस्तू" म्हणून धरली होती. पुढे व्हिस्कोइलास्टिक (दाबल्यावर हळूहळू अंगाचा आकार घेणाऱ्या) फोमची, अँटिस्टॅटिक कव्हरची घेतली आणि सेक्शनचे जोड त्या हिशोबाने परत काढले.

अजून एक गोष्ट जी मी कधीच विचारात घेतली नसती. लिथोटॉमीत पायाकडचा सेक्शन खाली सोडतात. पेशंटचे हात अंगालगत ठेवलेले असतील तर बोटं बरोबर त्या सेक्शनच्या सांध्यापाशी येतात, वरून हिरवी चादर, कुणाला दिसत नाहीत. ऑपरेशन संपलं, सेक्शन वर घेतला की बोटं त्या सांध्यात. अशी बोटं चिरडल्याच्या, तुटल्याच्या घटना झालेल्या आहेत. मला ते ऐकून पोटात गोळा आला. सांध्यावर कव्हर दिलं, फट अशी ठेवली की बोट आत जाणारच नाही, आणि सेक्शन वर येताना शेवटचा टप्पा मुद्दाम हळू केला.

टॉप कशाचा करायचा यावर फार वाद झाले नाहीत. एक्सरे आरपार गेला पाहिजे, सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना एक्सरे दाखवणारं सी आकाराचं मशीन) खालून आत शिरला पाहिजे. कार्बन फायबर आमच्या बजेटच्या बाहेर, म्हणून कॉम्पॅक्ट लॅमिनेट, आणि आडव्या पट्ट्या शक्य तिथून काढल्या कारण त्यांची सावली फोटोत नेमकी हाडावर पडते. कॉलम आड येऊ नये म्हणून टॉप ३०० मिमी सरकता केला. साइड रेल, म्हणजे ॲक्सेसरीज अडकवायची कडेची पट्टी, युरोपियन मापाची, २५ बाय १० मिमी. अमेरिकन रेल थोडी वेगळी असते, त्यामुळे हॉस्पिटलातल्या जुन्या ॲक्सेसरीज बसतात का ते आधी जाऊन मोजा, आमचे दोन क्लॅम्प वाया गेले. उंचीचं पण तसंच, पहिलं टेबल ७२० मिमीच्या खाली जात नव्हतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनला इन्स्ट्रुमेंट लांब असतात, टेबल खूप खाली लागतं, नाहीतर सर्जन दोन-दोन तास खांदे वर करून काम करतो. कॉलम सगळा नवीन केला, टेलिस्कोपिक.

आता मुख्य गोष्ट.

दुर्बिणीने गर्भाशयाचं वगैरे ऑपरेशन असतं तेव्हा "हेड लो" देतात, म्हणजे डोकं खाली पाय वर, आतडी छातीकडे सरकतात आणि ओटीपोट मोकळं दिसतं. हिला ट्रेंडेलेनबर्ग पोझिशन म्हणतात, त्या जर्मन सर्जनच्या नावावरून, १८८५ मध्ये त्यांच्या शिष्याने ती छापून लोकांसमोर आणली. तेव्हा असलं टेबल नव्हतं, एक मदतनीस पेशंटचे पाय आपल्या खांद्यावर घेऊन पाठमोरा उभा राहायचा, ऑपरेशन संपेपर्यंत. हे वाचल्यापासून माझ्या डोक्यात टेबल म्हणजे तो माणूस. त्याने थकायचं नाही एवढंच त्याचं काम.

आणि आमचं थकलं. पहिल्या ट्रायलला २० अंश हेड लो लावलं, दीड तासाने मॅडम म्हणाल्या, पेशंट वर सरकतोय का बघा, कोन वाढलाय. मी खिशातला मॅग्नेटवाला अँगल गेज लावला, साडेबावीस. कुणी बटण दाबलेलं नव्हतं. आपोआप. पेशंटला काही झालं नाही, सरांनी टेबल लेव्हलला आणून काम पुरं केलं, पण माझे हात गार पडले होते. टेबल त्याच दिवशी परत आणलं.

सगळे म्हणाले सिलिंडरचं सील गेलं. ट्रॉलीच्या जॅकमध्ये तेच होतं, मीही आधी सीलच बदललं. फरक शून्य. दोन रात्री झोप नाही, मग कागदावर मांडलं तेव्हा कळलं. डबल ॲक्टिंग (पिस्टनच्या दोन्ही बाजूंना तेल असलेल्या) सिलिंडरची दोन्ही तोंडं बंद असतील आणि रॉड आत दाबला जात असेल तर पिस्टनचं सील गळलं तरी तो फार आत जाऊ शकत नाही, कारण रॉडला आत जायला जागा लागते आणि आत तर तेल भरलेलं, ते दबत नाही. म्हणजे तासन्‌तास एकसारखा कोन सरकतोय याचा अर्थ तेल बाहेर जातंय, सिलिंडरमधून नाही, व्हॉल्व्हमधून. पोरांना म्हटलं होज काढा, दोन्ही पोर्टना प्लग मारा. १३५ किलोच्या वाळूच्या पिशव्या लावून रात्रभर ठेवलं, सकाळी काटा तिथेच. मग मॅनिफोल्ड ब्लॉक उघडला, म्हणजे तेलाची भोकं पाडलेला, व्हॉल्व्ह बसवलेला ठोकळा. चेक व्हॉल्व्हच्या (तेल मागे जाऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हच्या) सीटवर एक चिप. स्टीलची, तिळाच्या दाण्याहून बारीक, भिंगाखाली धरल्यावर नीट दिसली, एका बाजूला वळलेली. ब्लॉकमधली दोन भोकं जिथे एकमेकाला छेदतात तिथली बर (ड्रिल केल्यावर कडेला उरणारा कुसळासारखा धातू), आमच्याच ड्रिलिंगची, नीट न काढलेली.

त्यानंतर प्रत्येक ब्लॉकची आतली भोकं हाताने डिबर करून, फ्लशिंग करून, मगच असेंब्लीला. १० मायक्रॉनचा फिल्टर टाकला. पायलट ऑपरेटेड चेक व्हॉल्व्ह (मुद्दाम दाब दिल्याशिवाय तेल मागे न सोडणारा) ब्लॉकमधून उचलून सरळ सिलिंडरच्या तोंडावर बसवला, म्हणजे मधला होज फुटला तरी टॉप जागचा हलणार नाही. हे सगळ्यात आधी करायला हवं होतं असं आता स्पष्ट वाटतं, कुणी करत असेल तर पहिल्या ड्रॉइंगपासून करा.

टेस्टिंगला आयईसी ६०६०१ या आंतरराष्ट्रीय मानकांची सिरीज लागते, ६०६०१-१ सगळ्या मेडिकल इलेक्ट्रिकल वस्तूंना आणि ६०६०१-२-४६ खास ऑपरेशन टेबलाला. पेशंटचं वजन कमीत कमी १३५ किलो धरायचं, त्यावर सेफ्टी फॅक्टर वेगळा. उतारावर उभं करून बघतात, वापराच्या स्थितीत ५ अंश, हलवण्याच्या स्थितीत १०. टॉप पूर्ण सरकवलेला, सगळं वजन एका टोकाला, अशा वाईटात वाईट पोझिशनला आमचं मागचं चाक उचललं गेलं. बेसमध्ये जाड प्लेट टाकावी लागली, वजन वाढलं, मालक नाराज, पण यात मी एक इंच मागे सरलो नाही. मेडिकल उपकरण बनवायच्या सरकारी लायसन्सचं वेगळं प्रकरण, १ ऑक्टोबर २०२२ पासून क्लास ए आणि बीच्या, म्हणजे कमी जोखमीच्या, उपकरणांनाही सक्तीचं झालं, कागद खूप आहेत पण डिझाइन चालू असतानाच रिस्कची फाइल लिहीत गेलात तर जड जात नाही.

रिमोटबद्दल थोडं. दुर्बिणीच्या ऑपरेशनला ओटीतले दिवे बंद करतात, अंधारात मामा बटण चाचपतात, म्हणून बटणांना मागून उजेड दिला. पेशंट कधी उलट्या बाजूने झोपवतात, डोकं पायाच्या सेक्शनकडे, मग "हेड लो" दाबलं की डोकं वर जातं. म्हणून रिमोटवर दिशा निवडल्याशिवाय टेबल हलतच नाही असं केलं. हृदय थांबलं तर छाती दाबायला टेबल ताबडतोब सपाट लागतं, त्याला वेगळं एकच बटण, बॅटरीवर चालणारं, आणि तेच कॉलमवरसुद्धा, रिमोटची वायर तुटली तरी हाताशी असावं म्हणून.

दुसरी ट्रायल पावणेतीन तास चालली. मी गेज लावून कोपऱ्यात उभा. सुरुवातीला २०, टाके घालताना २०. मॅडमनी लांबूनच विचारलं किती, मी बोटांनी दाखवलं. पेशंट बाहेर नेल्यावर मामांनी मॅट्रेसचा जोड अंगठ्याने दाबून बघितला, गुडघ्याखालची चादर या वेळी त्यांनी घातलीच नव्हती. टाचेखालची मात्र घातली होती. म्हणाले, "हितं अजून लागतंय बघा." सध्या त्या टाचेच्या पॅडवरच काम चालू आहे, तिसरा नमुना कालच कापून आणलाय.