तरंगणारं तांबं

ठाण्यात नौपाड्यातल्या एका लॅब-केमिकलच्या दुकानात मी काउंटरला असतो. गिऱ्हाईक बहुतेक शाळा-कॉलेजांचं, अधूनमधून घरी प्रयोग करणारा एखादा हौशी. त्या दिवशी एक निवृत्त शिक्षक तणतणत आले. हातात मूर्तिकार वापरतात तसल्या सोनेरी पावडरचं पाकीट.

"अहो, ९९.९ टक्के तांबं लिहिलंय यावर!"

नातवासोबत त्यांनी ही पावडर क्रुसिबलमध्ये, म्हणजे चिनी मातीच्या छोट्या मुशीत, तापवली होती. तांबं ऑक्सिजन घेऊन काळं कॉपर ऑक्साइड होतं, ४ ग्रॅमचे ५ व्हायला हवेत. यांचं वजन सुरुवातीला घटलंच, वर विझलेल्या मेणबत्तीसारखा धूर.

मी चहाच्या ग्लासात पाणी घेऊन चिमूटभर पावडर टाकली. तांबं पाण्याच्या जवळजवळ नऊपट जड. ही मात्र ढवळली तरी चकाकत वरच! रंगकामाची पावडर दळताना कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून स्टिअरिक ॲसिड लावतात. ते मेणासारखं, पाणी चिकटू देत नाही, म्हणून पावडर तरंगते. तेच जळालं होतं. शिवाय शुद्ध तांब्याची पावडर लालसर दिसते. सोनेरी झाक म्हणजे बहुधा जस्त, म्हणजे पितळच. गंमत अशी, की जस्तही ऑक्साइड होताना जवळपास तेवढंच वजन धरतं. ही भेसळ काट्यावर कळलीच नसती.

"मग तुमच्याकडची द्या पन्नास ग्रॅम."

सीलबंद बाटली फोडून सुटं आम्ही देत नाही, आणि अख्ख्या बाटलीची किंमत ऐकून सर गप्प झाले. यादीत ॲल्युमिनियम पावडरही होती. ती मी घरगुती प्रयोगांना देतच नाही, मग समोर सर असोत की कलेक्टर. बारीक पावडर हवेत उडाली तर ठिणगी पुरते, आणि आग लागल्यावर पाणी ओतलं की ती उलट भडकते.

शेवटी म्हटलं, "सर, मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट न्या, तांबं घरीच काढा." १०० ग्रॅम मोरचुदात सुमारे २५ ग्रॅम तांबं असतं. द्रावणात लोखंडी खिळे टाकले की ते सुटं होतं. खिळे काढायचे, धुवायचं, उरलेलं लोखंड लोहचुंबकाने ओढायचं. मोरचूद विषारी, म्हणून हातमोजेही दिले. एवढ्याशा बिलावर मालकांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

काही दिवसांनी सरांचा फोन. ४ ग्रॅमचे पावणेपाच झाले होते.

"पाव ग्रॅम कुठे गेला?"

"तापून पावडरची गोळी झाली असेल, ती फोडून बघा, आतून लाल असेल, म्हणजे तिथवर ऑक्सिजन पोचलाच नाही."

होतीच. खलात घोटून परत तापवा म्हटलं.