तिहेरी वेटोळं: काम कुठवर आलं

आयर्लंडमधल्या न्यूग्रेंज या अश्मयुगीन थडग्यात कोरलेल्या तिहेरी वेटोळ्याची प्रतिकृती निम्म्याच्या पुढे सरकली. दोन वेटोळी झाली, तिसऱ्याचे बाहेरचे वेढे टोचून झालेत, मधला गाभा बाकी आहे. दगड आपला काळा बेसाल्ट, आकार मुळाइतकाच, म्हणजे साधारण फूटभर.

ज्यांना छिन्नीने सलग रेघ ओढायची सवय आहे त्यांच्यासाठी: इथे रेघ नसतेच, ठिपक्याला ठिपका लावत जायचं. हे थडगं इ.स.पू. 3200 च्या आसपासचं. आयर्लंडमध्ये तेव्हा धातू पोचलाच नव्हता. गारेचं टोक धरायचं आणि वरून दुसऱ्या दगडाने ठोकायचं. पाट्याला टाकी लावतात ना, तसंच काम. मी पोलादी टोच्या घेतलाय, तेवढी सूट मला द्या. टोच्या उभा धरला की ठिपका स्वच्छ पडतो. जरा कलला की कपची उडते आणि शेजारची रेघ खाते.

नक्षी मात्र जवळून बघण्यासारखी आहे. प्रत्येक वेटोळ्यात रेघा दोन, जोडीने आत जाणाऱ्या. एकीवर बोट ठेवून निघालं की मध्यावर वाट बंद होत नाही, शेजारच्या रेघेने आपण परत बाहेर येतो. कंपास बाजूला ठेवा. मूळ काम हाताचं आहे, वेढे जागा बघून दाटतात आणि सैलावतात. यांत्रिक अचूकपणा आणलात तर नक्षी मेलीच.

अर्थ काय, हे हटकून विचारलं जातं. कुणी जन्म-जीवन-मृत्यू सांगतं, कुणी भूमी-सागर-आकाश. घडवणाऱ्यांनी लिहिलेलं एक अक्षरही मागे नाही, त्यामुळे ही सगळी नंतरची भर. याला सर्रास ‘केल्टिक’, म्हणजे युरोपातल्या प्राचीन केल्ट लोकांचं, म्हणतात तेही मला पटत नाही. केल्टिक कला यानंतर दोन हजारांहून जास्त वर्षांनी आली. त्या कलेतलं तिपायी भोवऱ्याचं चिन्ह बघायचं तर वेल्समधल्या लिन केरिग बाखचा धातूचा पत्रा बघा. दुसऱ्या महायुद्धात विमानतळाचं काम चालू असताना तो तळ्याच्या चिखलातून वर आला. न्यूग्रेंजबद्दल पक्कं सांगता येतं ते उन्हाचं. डिसेंबरच्या अयनदिनी, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, सूर्य उगवला की दारावरच्या झरोक्यातून किरण 19 मीटरच्या बोळातून आतल्या दालनात शिरतो. उत्खनन करणारे प्राध्यापक ओ’केली यांनी 1967 साली आत बसून ते पाहिलं. आपलं वेटोळं त्याच दालनाच्या मागच्या कोनाड्यात आहे.

माणसाचे खरोखरचे तीन पाय असलेलं चिन्ह म्हणजे वेगळं घराणं. आजच्या तुर्कस्तानातल्या आस्पेंदोसच्या नाण्यांवर इ.स.पू. पाचव्या शतकात ते दिसतं, पुढे सिसिलीत तिथला सत्ताधीश अगाथोक्लीस याच्या नाण्यांवर. इ.स.पू. 49 च्या एका रोमन दिनारावर तर पायांच्या मध्ये मेदुसाचं, म्हणजे ग्रीक पुराणातल्या सापांच्या केसांच्या राक्षसीचं, डोकं आणि फटींमध्ये धान्याची कणसं. ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या आइल ऑफ मॅनच्या बेटकऱ्यांनी त्याच पायांना चिलखत आणि टाचेला घोडेस्वाराच्या आरा चढवल्या, खाली लॅटिनमध्ये लिहिलं: कसंही फेका, उभंच राहील.

गाभा झाला की पुढचा नंबर या रोमन नाण्याचा. कणसं बेसाल्टात निघणार नाहीत, त्यासाठी मऊ शंखजिरं घेणार आहे. कुणी त्यात बारीक काम केलं असेल तर टोच्या किती बारीक लागतो ते कळवा.