3 किलोवॅटच्या सोलरला मे महिन्यात 2100 च वॅट का, माझा अनुभव

गेल्या मे महिन्यातलं आहे हे. लातूरला आमच्या गच्चीवर 540 वॅटची 6 पॅनल आहेत म्हणजे 3240 वॅट, आणि भर दुपारी साडेबाराला ॲपवर आकडा काय तर 2100! बाबा म्हणाले एवढं ऊन रणरणतंय आणि फेब्रुवारीत याच्यापेक्षा जास्त येत होतं, नक्की काहीतरी बिघडलंय. बसवणाऱ्याला फोन केला तर तो म्हणे उन्हाळ्यात असंच असतं, पण असंच म्हणजे किती ते काही सांगेना. मग म्हटलं आपणच हिशोब करू.

पॅनलवर लिहिलेले वॅट हे 1000 वॅट प्रति चौरस मीटर ऊन आणि सेल (पॅनलमधले वीज तयार करणारे छोटे चौकोन) 25 अंशावर, असं धरून असतात. आता लातूरच्या मे मध्ये 25 अंश कुठून आणायचे? ऊन मोजायचं मीटर फिजिक्स शिकवणाऱ्या मित्राकडून आणलं, ते पॅनलला जेवढा उतार आहे तेवढ्याच उतारात धरायचं बरं का, 900 आलं. हवा 40 अंश. पॅनलच्या डेटाशीटमध्ये एनओसीटी म्हणून आकडा असतो, म्हणजे सेल किती अंशापर्यंत तापतो ते, आमचा 45, तो 800 वॅट ऊन, 20 अंश हवा आणि हलका वारा असतानाचा. म्हणजे 800 ला सेल हवेपेक्षा 25 अंश गरम, तर 900 ला 28, म्हणजे आमचे सेल 68 अंशावर! पटेना म्हणून पॅनलखालून पाठीला हात लावला तर तव्यासारखी, हात ठेववेना. इन्फ्रारेड गनने पाठीवर 65 दाखवलं, वारा होता त्या दिवशी (काचेवर मोजू नका, आभाळाचं प्रतिबिंब येऊन आकडा चुकतो).

25 च्या वर दर अंशाला आमच्या पॅनलचे 0.35 टक्के जातात, म्हणजे 43 अंशाला 15 टक्के. 900 च्या उन्हाला 2916 वॅट, त्यातून 15 टक्के गेले की 2480, इन्व्हर्टर-वायरिंगचे 5 टक्के धरले तरी 2350 यायलाच पाहिजेत. मग वरचे अडीचशे कुठं गेले?

वर चढून बघितलं तर शेजारच्या बांधकामाची धूळ, वर पातळ थर पण खालच्या कडेला फ्रेमपाशी दोन बोटं रुंद मातीचा पट्टाच साचलेला, आणि सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढं एक साखळीसारखे जोडलेले असल्यामुळे तळची ओळ झाकली की ती बाकीच्यांनाही मागं ओढते. पहाटे काच गार असताना धुतलं, बोअरचं पाणी मुद्दाम टाळलं कारण आमच्याकडं क्षाराचे पांढरे डाग बसतात. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, मीटरवर ऊन तेवढंच, ॲपवर 2310!! खरं सांगतो, इतका आनंद झाला की बाबांना गच्चीवर बोलावून दाखवलं.

पावसाळ्यात मात्र हा दर मिनिटाचा हिशोब करू नका, ढगाच्या कडेतून ऊन आलं की मीटर क्षणभर 1000 च्याही वर जातं आणि लगेच 200, म्हणून तेव्हा मी दिवसाचे युनिट बघतो. बाबा आता दुपारी हवा किती अंश ते बघून आधी स्वतः आकडा काढतात आणि मग ॲप उघडतात.