मशीनला वास येतोय? आधी पावडर कमी करा

धुतलेले कपडे मशीनमधून काढले आणि नाकात कुबट वास गेला की बहुतेक जण काय करतात, पावडर थोडी जास्त घालतात, कंडिशनरचं अजून एक झाकण ओततात. दोन दिवस छान सुगंध येतो आणि मग तोच वास परत, वर फुलांचा वास मिसळलेला, म्हणजे अजूनच घाण. कारण साधं आहे, मशीनमधली बुरशी आणि बॅक्टेरिया जगतात ते याच उरलेल्या साबणावर, कंडिशनरवर आणि कपड्यांतून निघालेल्या अंगाच्या तेलकटपणावर. म्हणजे वास मारायला आपण त्यांना जेवायलाच वाढतोय.

फ्रंट लोडमध्ये हे जास्त होतं. एकतर ते पाणी कमी घेतं, त्यामुळे जास्तीचा फेस नीट धुऊन निघत नाही, आणि दुसरं म्हणजे दार हवाबंद, आतली ओल बाहेर जाणार कुठून. त्यात हल्ली सगळे ३० डिग्रीवर किंवा थंड पाण्यात धुतात (वीज वाचते, कपडे टिकतात, मी पण तेच करते), पण थंड पाण्यात तेलकटपणा सुटत नाही, तो ड्रमच्या मागे आणि बाहेरच्या टबवर चिकटून बसतो. कंडिशनर तर बनवलेलाच असतो चिकटून राहायला, म्हणून तर कपडे मऊ लागतात. आपल्याला चकचकीत स्टीलचा ड्रम दिसतो आणि वाटतं मशीन स्वच्छ आहे, पण खरा बुळबुळीत थर त्याच्या पलीकडे असतो जिथे हातच पोचत नाही.

जिथे हात पोचतो तिथून सुरू करू. दाराच्या रबराची घडी बोटाने बाहेर ओढून खालच्या बाजूला बघा. करड्या रंगाचा चिकट गाळ, केस, एखादं बटण, कधी लहान मुलाचा मोजा. या रबराला तळाशी बारीक भोकं असतात पाणी निघून जायला, ती लिंटने (कपड्यांतून सुटणारे बारीक तंतू) बुजली की घडीत पाणी साचून राहतं आणि काळे ठिपके तिथूनच चालू होतात. आधी ओल्या फडक्याने गाळ काढायचा, भोकं मोकळी करायची, मग कोरडं पुसायचं. काळे डाग फार आत गेले असतील तर ते पूर्ण जात नाहीत, वास गेला की झालं, डागाच्या मागे लागून रबर खरवडू नका.

मग पावडर-कंडिशनर घालायचा ड्रॉवर. तो पूर्ण बाहेर निघतो, आत एक खटका असतो तो दाबून ओढायचा. कंडिशनरच्या कप्प्यात थोडं पाणी उरतंच, ती रचनाच तशी आहे, त्यामुळे सगळ्यात जास्त शेवाळल्यासारखा चिकटा तिथेच. गरम पाणी आणि जुना टूथब्रश पुरतो. पण ड्रॉवर धुऊन लगेच परत बसवू नका, मोबाईलचा टॉर्च लावून त्या रिकाम्या खोबणीचं छत बघा एकदा. तिथून पाणी पडतं ना, तिथे काळं दिसलं तर ते प्रत्येक धुण्यात कपड्यांवर उतरतंय.

खाली कोपऱ्यात छोटं दार असतं त्याच्यामागे पंपाचा फिल्टर. मशीन बंद, आतलं पाणी गार झालेलं, खाली पसरट ताट आणि जुना टॉवेल, मग सावकाश फिरवायचा. इथलं पाणी इतकं घाण वासाचं असतं की अर्ध्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळतं.

आता न दिसणाऱ्या भागाचं. महिन्यातून एकदा रिकामं मशीन ६० डिग्री किंवा जास्तवर लावा, ड्रम क्लीन प्रोग्राम असेल तर तोच. आत ऑक्सिजन ब्लीचवालं काहीतरी घाला, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, गरम पाण्यात त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा तयार होतो, थर सुटायला दोन्ही कामाचे. पांढऱ्या कपड्यांच्या बऱ्याच पावडरमध्ये हे असतंच, लिक्विडमध्ये सहसा नसतं, म्हणून सदा लिक्विड आणि सदा थंड पाणी वापरणाऱ्यांकडे तक्रार जास्त. टॉवेल, चादरी अधूनमधून ६० वर धुतल्या तरी मशीनचं आपोआप भलं होतं.

व्हिनेगरचं प्रत्येक व्हिडिओत सांगतात. क्षार निघतात त्याने, खरं आहे, पण तेलकट थर नाही निघत, आणि सारखं घातलं तर रबराला चांगलं नाही. आणि हे मात्र लक्षात ठेवा, व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड आणि क्लोरीनचं ब्लीच कधीच एकत्र घालायचं नाही, विषारी क्लोरीन वायू निघतो. एकामागोमाग सुद्धा नको.

रोजचं म्हणाल तर काम संपलं की कपडे लगेच काढायचे, रबर पुसायचं, दार आणि ड्रॉवर उघडे ठेवायचे. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर दार सताड नको, फटीपुरतं, आणि चालू करण्याआधी आत बघायचंच. पावडरचं माप पाकिटावर असतं ते कपडे किती मळलेत आणि पाणी किती जड (म्हणजे क्षारांचं) आहे त्यावर, पाणी मऊ असेल तर बरंच कमी पुरतं. खळबळताना काचेतून शेवटपर्यंत फेस दिसतोय म्हणजे जास्त पडलीय, कमी करा.

टॉप लोडवाल्यांनी खूश होऊ नका, तुमच्याकडे रबर नाही पण लिंटची जाळी आहे आणि तळाच्या फिरत्या चकतीखाली काय साचलंय ते मेकॅनिकने उघडल्यावरच कळतं. बऱ्याच टॉप लोडला हीटर नसतो, तिथे गरम पाणी बाहेरून किती गरम चालेल ते पुस्तिकेत बघून घाला, उकळतं नको.

आणि एवढं सगळं करूनही वास येत असेल, तोही मशीन बंद असताना, तर एकदा ड्रेनचा पाईप तपासा. तो भिंतीतल्या नळीत फार आत खुपसलेला असेल किंवा खाली लोंबत असेल तर गटाराचा वास आणि घाण पाणी दोन्ही मागे येऊ शकतं, मग ड्रम कितीही घासा. पाईप कुठल्या उंचीवर हवा ते पुस्तिकेत चित्रासकट दिलेलं असतं.