चष्म्याविना पहिली संध्याकाळ

मी बोलतेय, ताई टाइप करतेय, कारण मला आज स्क्रीन बघायची मनाई आहे.

सकाळी इंदूरच्या पलासियातल्या क्लिनिकमध्ये दोन्ही डोळ्यांचं लेसिक, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवणारं लेसर ऑपरेशन झालं. बधिर करणारे थेंब घातले, पापण्या क्लिपने उघड्या धरल्या. डोळा स्थिर धरणाऱ्या रिंगचा दाब आला तेव्हा डोळ्यापुढे क्षणभर अंधार झाला. तेवढंच अवघड गेलं. मग लेसरची टकटक आणि जळक्या केसांसारखा वास. उठून बसले तर भिंतीवरचं घड्याळ धुरकट दिसलं, पण काटे कळत होते! शाळेपासून उशाशी चष्मा ठेवून झोपलेय मी, रडूच आलं.

या ऑपरेशनात वापरतात त्या एक्सायमर लेसरने ऊती न भाजता नेमकी काढता येते, हे १९८१ मध्ये दाखवणाऱ्यांत मूळचे भारतीय असलेले रंगस्वामी श्रीनिवासन होते. केवढे उपकार!

ज्यांना करायचंय त्यांनी आधीची तपासणी नीट करून घ्या. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, पातळ असेल आणि डॉक्टर नको म्हणाले तर हट्ट करू नका. चाळिशीचा चष्माही यानं टळत नाही.

आता चुरचुरतंय, आई वेळेवर थेंब घालतेय. रंगपंचमी तोंडावर आलीय, पण राजवाड्याची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, यंदा टीव्हीवरच.