तुम्ही विचारलंत म्हणून: दुकान सोडून समुद्रावर काय करता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, नाहीतर काउंटरवर हे सांगायला वेळच मिळत नाही, समोर साडी उलगडलेली असते आणि मागे अजून दोघी थांबलेल्या असतात. प्रश्न साधारण एकच असतो, की ताई तुम्ही महिन्यातून दोन-तीनदा सकाळी गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन दुकानात येता, तर समुद्रावर एवढं आहे काय? आणि शेजारचे भांडीवाले काका पुढचं विचारतात, त्याचा धंद्याला फायदा काय?

फायदा झालाय काका, खूप झालाय, पण तो सांगायचा तर आधी २०२३ सालचं सांगावं लागेल.

माझं दुकान गिरगावात, ब्लाउज शिलाई आणि फॉल-पिको. सासूबाईंनी सुरू केलं, आता मी बघते. एक कटिंग मास्टर, तीन कारागीर. लॉकडाऊननंतर २०२२ मध्ये अडकलेली सगळी लग्नं एकदम आली आणि आमच्याकडे एवढं काम झालं की मास्टर रात्री अकराला कात्री ठेवायचे. मला वाटलं आता असंच राहणार. जानेवारी २०२३ मध्ये मी दादरला दुसरा गाळा घेतला, आपल्या दुकानाच्या तिप्पट मोठा, ११ महिन्यांचं अॅग्रीमेंट, ४८ हजार भाडं, डिपॉझिट वेगळं. मे महिना जोरात गेला. त्यानंतर जे सुरू झालं ते मला नोव्हेंबरपर्यंत कळलंच नाही नीट, फक्त पैसे जात राहिले. नोव्हेंबरमध्ये करार संपला तसा गाळा सोडला. मधे सोन्याच्या चार बांगड्या गेल्या, त्यातल्या दोन सासूबाईंच्या होत्या, आणि त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत ते जास्त लागलं.

त्यानंतर मी घरात अगदी गप्प गप्प झाले होते. भाची म्हणाली, मामी चल, हाजीअलीला खडकांवर जाऊ, जीव बघायला. मरीन लाईफ ऑफ मुंबई म्हणून नागरिकांचा उपक्रम आहे, २०१७ पासून ते लोकांना ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर नेऊन तिथले जीव दाखवतात, तिने त्यांच्यासोबत एक-दोन वॉक केले होते. जानेवारी २०२४, संक्रांतीच्या दोन दिवस आधीचा शनिवार, उजाडताना आम्ही पोचलो. चाळीस वर्षं या शहरात राहते मी, हाजीअलीला किती वेळा गेले असेन, पण पाणी मागे गेल्यावर तिथे काळे खडक उघडे पडतात आणि त्यांच्या खळग्यांत समुद्रफुलं असतात, म्हणजे फुलासारखे दिसणारे प्राणी, कालवं असतात, खेकडे असतात, हे मी कधी वाकून बघितलंच नव्हतं. दोन तास डोक्यात गाळा नव्हता, बांगड्या नव्हत्या. घरी येऊन झोपले ती चांगली झोपले. मग मी जायलाच लागले.

आता जायचं कधी हे आपल्या हातात नसतं ना. रविवारी सुट्टी आहे म्हणून समुद्र मागे जात नाही. भाची मोबाईलवर चार्ट बघायची, पण मला ते खरं समजलं आमच्या मासळीवाल्या मावशींकडून. त्या म्हणाल्या, "कालनिर्णय हाय ना भिंतीवर? तिथीची पाऊणपट कर, बाय." म्हणजे जी तिथी असेल तिला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. द्वितीया असेल तर दोन पाऊण दीड, भरती दीडच्या सुमारास, मग ओहोटी त्याच्या सहा तास आधी, म्हणजे सकाळी साडेसातला. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे ओहोटी दुपारी बाराला, आणि ती पण भांगाची, पाणी फारसं मागे हटतच नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि तेवढंच लांब उतरतं. अंदाजाचा हिशोब आहे हा, मी चार्ट बघतेच, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं. पण तत्त्व कळलं की वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते आणि पंधरवड्याने चक्र परत तिथेच येतं. द्वितीया-तृतीया मला सोयीच्या, सकाळी जाऊन साडेदहाला शटर उघडता येतं.

आणि हे सगळं त्याच कालनिर्णयमध्ये, जे १९७३ पासून निघतंय आणि आमच्या दुकानात लग्नाचे मुहूर्त बघायला टांगलेलं असतं! मी अठरा वर्षं त्याच्यात मुहूर्त बघत होते, पण फक्त भरतीचेच दिवस बघत होते असं म्हणा. एका दुपारी बसले आणि २०२२ आणि २०२३ ची बिलबुकं काढून दोन्ही वर्षांची कॅलेंडरं शेजारी ठेवली. २०२२ ला गणपती ३१ ऑगस्टला होते, त्यामुळे अख्खा ऑगस्ट आमच्याकडे ब्लाउजची रांग. २०२३ ला अधिक श्रावण आला, १८ जुलैपासून १६ ऑगस्टपर्यंत, गणपती गेले १९ सप्टेंबरला, चातुर्मास पाच महिन्यांचा झाला आणि लग्नं थेट तुळशीच्या लग्नानंतर. हे जानेवारीत भिंतीवर छापलेलं होतं. मी ज्या दिवशी दादरच्या अॅग्रीमेंटवर सही केली त्या दिवशी ते माझ्या डोक्यावर टांगलेलं होतं आणि मी आदल्या वर्षाच्या गर्दीवरून पुढच्या वर्षाचं भाडं ठरवत होते. हे कळलं तेव्हा रडू आलं मला, खरंच.

पाण्याची दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, ती नीट सांगते. ओहोटी संपून पाणी फिरलं की पुढच्या साधारण सहा तासांत ते वर येतं, पण सारखं येत नाही. जेवढं चढायचं त्याचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग परत दोन आणि एक. म्हणून पहिल्या तासात आपल्याला काहीच वाटत नाही, खडक तसेच दिसतात, आपण अजून एक खळगा बघू म्हणून पुढे जातो, आणि तिसऱ्या तासाला मागचा रस्ता पाण्याखाली. म्हणून सोबतचे अनुभवी लोक पाणी फिरलं की अर्ध्या तासात सगळ्यांना मागे घेतात, तेव्हा पाय पण भिजत नसतो कुणाचा.

मी बिलबुकात हेच शोधलं. माझं पाणी कधी फिरलं होतं? गल्ल्यावरून बघितलं तर जुलैपर्यंत सगळं ठीक दिसत होतं, कारण आमच्या धंद्यात पैसे डिलिव्हरीला येतात, आज गल्ल्यात पडणारे पैसे तीन आठवड्यांपूर्वी घेतलेल्या मापाचे असतात. पण नवीन मापांच्या पावत्या मोजल्या, तर त्या जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून कमी होत होत्या. आठवड्याला ६० च्या जागी ५३, मग ४६. मी गल्ला मोजत होते आणि खूश होते. आता दर शनिवारी मी गल्ल्याच्या आधी पावत्या मोजते, दोन आठवडे लागोपाठ कमी आल्या की नवीन अस्तराचा माल उचलत नाही, कारागिरांना आधी सांगते की पुढे काम पातळ आहे, कुणाला गावी जायचं असेल तर आत्ता जा. पूर्वी मी त्यांना ऐनवेळी सांगायचे, ते फार वाईट होतं, नगावर काम करणारा माणूस ऐनवेळी कुठे जाणार?

मग तो शंखातला खेकडा. हा मला सगळ्यात आवडतो, तास तास बघते मी त्याला. याचं मागचं अंग मऊ असतं, त्याच्यावर कवच नसतं, म्हणून तो मेलेल्या गोगलगायीचा रिकामा शंख घेऊन त्यात राहतो. वाढला की मोठा शंख लागतो. पण नवीन शंख दिसला की हा लगेच उडी मारत नाही हो, आधी तो शंख फिरवून बघतो, आत नांगी घालून चाचपतो, कितीतरी वेळ, आणि खात्री झाली की क्षणात जुन्यातून नव्यात. कारण मधल्या क्षणात तो उघडा असतो. फार मोठा शंख घेतला तर तो ओढण्यातच ताकद जाते. कधीकधी एका मोठ्या शंखापाशी खेकडे लहान-मोठे असे रांगेत थांबतात, पहिल्याने बदलला की त्याचा जुना दुसरा घेतो, दुसऱ्याचा तिसरा.

दादरचा गाळा मी आत नांगी घालून चाचपला नव्हता. एजंटने संध्याकाळी सातला दाखवला, समोरून माणसांचा लोंढा चालला होता, मी हरखले. तो लोंढा स्टेशनकडे धावणारा होता. ट्रेन पकडणारी बाई ब्लाउज टाकायला थांबत नाही. सकाळी अकराला, दुपारी तीनला मी एकदा जाऊन उभी राहिले असते तर तिथे शुकशुकाट आहे हे कळलं असतं. आता लग्नसराईत जागा कमी पडते तेव्हा आमच्याच इमारतीतल्या एका दुकानाचा पोटमाळा मी तीन महिन्यांपुरता भाड्याने घेते, दोन मशीन वर चढवते, सीझन संपला की उतरवते. पहिल्या वर्षी तर एक महिनाच घेऊन बघितला, पंखा पुरतो का, कारागिरांची पाठ दुखते का, कापड वर-खाली करायला कोण. मोठं दुकान मला अजून हवंय, नाही म्हणत नाही, पण चाचपून.

एक गोष्ट अशी आहे जी मी मुद्दाम शिकायला गेले नव्हते. खडकातल्या डबक्यापाशी पहिल्यांदा गेलं की काहीच दिसत नाही, नुसतं पाणी आणि शेवाळ. आपली सावली पडलेली असते, सगळे दडलेले असतात. दहा मिनिटं गप्प बसायचं, सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. मग दगड वाटत होता तो चालायला लागतो, काचेसारखी कोळंबी दिसते, कडेचं समुद्रफूल उमलतं. एकदा मला छोटा ऑक्टोपस दिसला, खडकाच्या रंगाचा होता तो सरकताना फिकट झाला आणि परत खडक झाला, मी श्वास रोखून बघत होते.

तर एक दिवस मी दुकानात काउंटरमागे न बसता बाहेरच्या बाकावर गिऱ्हाईक बसतात तिथे बसले, अर्धा दिवस, काही न बोलता. आणि मला दिसलं की बायका माप द्यायला कचरतात. माप घेणारे आमचे मास्टर, माणूस अतिशय सज्जन, पण रस्त्यावरून जाणारा-येणारा बघतोय, तिथे हात वर करून उभं राहायचं. म्हणून त्या पिशवीतून जुना ब्लाउज काढतात, हा मापाचा घ्या म्हणतात. तो पाच वर्षांपूर्वीचा असतो. मग नवीन घट्ट होतो, मग अल्टरला येतो, मग आम्ही म्हणतो तुम्हीच मापाचा दिला होतात. एवढी वर्षं हे भांडण मी रोज ऐकत होते आणि मला वाटायचं गिऱ्हाईकच किरकिरं आहे. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात पडदा लावला, आरसा आत हलवला, मापं मी स्वतः घ्यायला लागले. अल्टर निम्म्याच्या खाली आले. एक आजी पडद्याआड मला म्हणाल्या, किती वर्षांनी नीट माप दिलं बघ.

पण काका, फायद्यासाठी जाते असं समजू नका. मी जाते कारण मला ते जीव आवडतात आणि त्यांची काळजी वाटते. हाजीअलीच्या खडकांवर प्रवाळ आहे, जिवंत, आपल्या मुंबईत! वन्यजीव संरक्षण कायद्यात त्याला पहिल्या अनुसूचीत ठेवलंय, वाघाबरोबर. कोस्टल रोडच्या वेळी २०२० मध्ये तिथलं काही प्रवाळ उचलून दुसरीकडे लावावं लागलं होतं. खळग्यात प्लास्टिकच्या पिशव्या आणि निर्माल्य अडकलेलं दिसतं तेव्हा पोटात तुटतं. शंख पण मी आता एकही घरी आणत नाही, आधी लहान मुलांना द्यायला आणायचे, आता माहितीये की तो कुणाचं तरी पुढचं घर आहे. आणि दगड उचलून बघितला तर जसा होता तसाच हळू परत ठेवायचा, खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात मरतात.

येत्या शनिवारी द्वितीया आहे, साडेसातच्या आसपास ओहोटी. भाची येतेय, भांडीवाल्या काकूपण येणार म्हणाल्यात. यायचं असेल तर पावणेसातला दुकानाच्या पायरीपाशी या, बंद बूट घाला, कालवांच्या धारेने पाय कापतो, आणि पाण्याची बाटली आणा. आठला मी सगळ्यांना मागे घेणार, तेव्हा अजून थोडं थांबू म्हणू नका.