आमची वाटचाल : 12 मिमी प्लेटपासून 16 गेज पत्र्यापर्यंत

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात सुरुवातीला प्लाझ्मा मशीनवर, म्हणजे विजेच्या आर्कने तापवलेल्या हवेच्या झोताने, 6 ते 12 मिमी प्लेटच कापली जायची. गसेट (जोडपट्ट्या), बेस प्लेट, फ्लँज. अशा कामात खालच्या कडेला स्लॅग, म्हणजे वितळून चिकटलेलं लोखंड, धरला तरी छिन्नीच्या फटक्यात निघतो. मग पॅनलवाल्यांची, डक्टिंगवाल्यांची 1.2 ते 2 मिमी सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्याची कामं सुरू झाली, आणि जुनं सेटिंग तिथे चालेना.

65 अँपिअरवर 1.6 मिमी (16 गेज) पत्रा कापायचा तर टॉर्च, म्हणजे झोत सोडणारं तोंड, फार वेगात पळवावी लागते. सरळ रेषेत गँट्री (टॉर्च फिरवणारी मशीनची चौकट) तो वेग गाठते. 20 मिमीच्या कटआउटभोवती गाठूच शकत नाही. स्क्रीनवर आकडा मोठा दिसतो, पण टॉर्च रेंगाळते, उष्णता साचते, काप रुंदावतो आणि खाली जाडसर, फसफशीत स्लॅग जमतो. म्हणून 1.6 मिमीला आता 40 अँपिअर आणि मिनिटाला साधारण 4 मीटर. मात्र करंटबरोबर नोझलही (टॉर्चच्या टोकाचं भोकाचं तोंड) बदलायचं. मोठ्या भोकाच्या नोझलमध्ये कमी करंट दिला तर आर्क पसरतो. उलट केलं तर नोझलचं भोकच जळून वाकडं होतं.

स्लॅग बघून चूक कळते. गुठळ्या असतील आणि हाताने सुटत असतील तर वेग कमी आहे. बारीक, कडक, ग्राइंडरशिवाय न निघणारी रेघ असेल तर वेग जास्त आहे. वरच्या कडेला शिंतोडे दिसले तर टॉर्च उंच आहे किंवा नोझल झिजलंय. कापताना टॉर्चची उंची आम्ही 1.5 मिमी ठेवतो, भोक पाडताना त्याच्या दुप्पट. पिअर्सिंग, म्हणजे कापाआधीचं हे पहिलं भोक, नेहमी भंगाराच्या बाजूला.

कोपऱ्यात टॉर्च पत्र्यावर आपटते, ही ऑपरेटरची चूक नसते. कोपऱ्यात वेग उतरतो, काप रुंदावतो, आर्क व्होल्टेज वाढतं; व्होल्टेज बघून टॉर्चची उंची आपोआप राखणाऱ्या हाइट कंट्रोलला वाटतं टॉर्च वर गेली, म्हणून तो तिला खाली दाबतो. कोपऱ्यांत आणि लहान भोकांत हाइट कंट्रोल लॉक करायचा. दिशाही बघावी: नेहमीच्या स्वर्ल रिंगला (टॉर्चमधली हवेला गिरकी देणारी कडी) टॉर्चच्या चालीच्या उजवीकडची कड जास्त काटकोनात येते, म्हणून बाहेरचा कंटूर घड्याळाच्या दिशेने आणि आतली भोकं उलट दिशेने.

पण सगळ्यात जास्त कटकट हवेची. जून ते सप्टेंबर इथे कॉम्प्रेसरच्या टाकीत रोज पाणी साचतं. ओली हवा गेली की इलेक्ट्रोडमधला हॅफनियम (ज्या धातूच्या टोकातून आर्क निघतो) झपाट्याने खड्डा धरतो. खड्डा दीड मिमीच्या आसपास गेला की इलेक्ट्रोड आणि नोझल जोडीनेच बदलतो. कॉम्प्रेसरनंतर रेफ्रिजरेटेड ड्रायर (हवा थंड करून पाणी काढणारा), त्यापुढे कोअ‍ॅलेसिंग फिल्टर (तेल-पाण्याचे बारीक थेंब पकडणारा), आणि सकाळी पहिलं काम टाकी ड्रेन करण्याचं. तपासणी सोपी आहे: आर्क न पेटवता नुसती हवा सोडून टॉर्चसमोर आरसा धरा. धुकं आलं तर पाणी, चिकट डाग आला तर तेल. दाबही हवा वाहत असतानाच वाचावा. बंद लाइनवर काटा 7 बार दाखवतो आणि बारीक पाइप असेल तर ट्रिगर दाबताच 4 वर येतो.

पातळ पत्रा वाकतो, त्याला वॉटर टेबल (पाणी भरलेलं कापायचं टेबल) थोडं कामी येतं. जास्त फरक क्रमाने पडतो: शेजारचे पार्ट लागोपाठ न कापता एक इथे, एक तिथे घ्यायचा, आधी आतली भोकं आणि बाहेरची रेषा शेवटी. पत्रा जीआय (झिंकचा मुलामा दिलेला) असेल तर झिंकचा धूर निघतो. एक्झॉस्ट चालू केल्याशिवाय तो टेबलावर घेतच नाही.

1 मिमीच्या खालचं किंवा 5 मिमी भोकांचं काम आलं तर गिऱ्हाइकाला सरळ लेझरवाल्याकडे पाठवतो. टॅपिंगच्या भोकाला प्लाझ्माने फक्त ठिपका मारून देतो, भोक ड्रिलने. हवेच्या प्लाझ्माने कड नायट्रोजन पिऊन कडक होते आणि टॅप मोडतो. त्याच कडेवर मिग वेल्डिंग केलं तर बुडबुडे धरतात, म्हणून वेल्डिंगला जाणाऱ्या कडांवर आधी फ्लॅप डिस्क फिरते.